जुन्या धुळीचा हिशेब

साठीच्या घरातील एखादा निवृत्त कामगार खोकला व धाप घेऊन दवाखान्यात जातो. ‘बिडी ओढता का?’ असे डॉक्टर विचारतात आणि ते योग्यच आहे. परंतु ‘तीस वर्षांपूर्वी कोणते काम करीत होता?’ हा प्रश्न बहुधा राहून जातो. त्या राहून गेलेल्या प्रश्नाविषयी मी आज बोलणार आहे. मी पेशाने डॉक्टर नव्हे, शिक्षक आहे. तेव्हा मुलांना समजावतो त्याच रीतीने हा विषय मांडतो.

ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘न विझणारे’ असा होतो. हा दगड कापसाप्रमाणे पिंजता येतो, त्याचे सूत निघते, आणि तो अग्नीला दाद देत नाही. म्हणून बॉयलरच्या नळ्यांवरील वेष्टने, मोटारींचे ब्रेक, छपरांचे सिमेंटचे पत्रे अशा नाना ठिकाणी त्याचा उपयोग झाला. परंतु त्याचे तंतू उभे चिरत जाऊन इतके बारीक होतात की, ते डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासाबरोबर ते फुप्फुसात खोल उतरतात. बाहेरून आलेला कण गिळून टाकणाऱ्या शरीरातील पेशींना हे लांबट तंतू पचविता येत नाहीत. ते तेथेच रुतून बसतात, दाह चालू राहतो, फुप्फुस निबर होते आणि पुढे काहींच्या बाबतीत कर्करोग उद्भवतो.

हे ज्ञान माणसाच्या पदरी सहजासहजी पडलेले नाही. इंग्लंडमधील रॉचडेल गावी नेली कर्शॉ नावाची कामगार स्त्री १९२४ साली वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी मरण पावली. तिच्या फुप्फुसांची तपासणी करून डॉ. कुक यांनी धुळीचा दोष दाखवून दिला. १९३१ साली ब्रिटनमध्ये ही धूळ आवरण्याचे नियम झाले. पुढे १९५५ साली रिचर्ड डॉल यांनी अशाच एका कारखान्यात वीस वा अधिक वर्षे धुळीत काम केलेल्या ११३ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. देशातील सर्वसाधारण प्रमाणावरून पाहता त्या गटात फुप्फुसाच्या कर्करोगाने पुरता एक मृत्यूही अपेक्षित नव्हता, हिशेबाने ०.८ येत होता. प्रत्यक्षात मृत्यू घडले होते ११.

मग इतका काळ हे ध्यानात का आले नाही? कारण, धूळ आणि रोग यांमध्ये बहुधा वीस, तीस, कधी चाळीस वर्षांचे अंतर पडते. विंचू डसला तर मनुष्य तत्काळ ओरडतो. येथे कामगार धडधाकट घरी जातो, नोकरी संपते, कारखानाही कदाचित बंद पडतो, आणि त्यानंतर दुखणे उघड होते.

तंबाखूशी या धुळीची गाठ पडली म्हणजे काय होते, हेही ऐकावे. अमेरिकेतील उष्णतारोधक वेष्टने बसविणाऱ्या कामगारांचा अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध झाला. धूरही नाही आणि ही धूळही नाही, अशा माणसाचा फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका १ धरला, तर केवळ धूळ घेणाऱ्याचा सुमारे ५, केवळ धूम्रपान करणाऱ्याचा सुमारे ११, आणि दोन्ही करणाऱ्याचा सुमारे ५३ आढळला. पाच आणि अकरा यांची बेरीज सोळा होते, हे चौथीतील मूलही सांगेल. ही बेरीज नसून जवळजवळ गुणाकार आहे! म्हणूनच या धुळीत काम केलेल्याने बिडी-सिगारेट सोडणे हे इतरांहूनही अधिक अगत्याचे होय. मात्र बिडी न ओढणाराही निर्धास्त नाही, हे त्याच आकड्यांतील पाच सांगतो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे दीर्घ अंतर ओळखले. अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर या संस्थेच्या अर्जावर जानेवारी १९९५ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ॲस्बेस्टॉसच्या प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद, कामास लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा काम सुटल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत ठेवावी, असा आदेशही दिला. रोग जितका काळ दबा धरतो, तितका काळ कागद जिवंत राहिला पाहिजे, हे त्यामागील मर्म.

पावसाळ्याच्या तोंडावर आपण जुने पत्रे उतरवितो. त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ते कोरडे कापू अगर फोडू नयेत, पाण्याने भिजवावेत, भुगा कोरड्या झाडूने झाडू नये. तोंडाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवीत नाही. कामावरचे कपडे घरी नेऊन झटकू नयेत. ते धुणाऱ्या स्त्रियांनाही त्या धुळीपासून कर्करोग झाल्याची उदाहरणे आहेत.

आणि ज्यांनी असे काम पूर्वी केले आहे, त्यांना विनंती इतकीच की, नोकरीचे कागद जपून ठेवावेत. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांनी विचारले नाही, तरी आपण होऊन सांगावे: ‘डॉक्टरसाहेब, मी अमुक वर्षे या धुळीत काम केले आहे.’ घरातील वडीलधारे सांगावयास संकोचत असतील, तर मुलांनी सांगावे.