टापांखालची माती



घोड्यांच्या शर्यतींचा विषय घरांतील मंडळींसमोर काढावयाचा म्हणजे वक्त्याला अद्यापि किंचित् संकोच वाटतो. तेव्हां आरंभींच सांगून टाकतों, कीं कोणत्या घोड्यावर पैसे लावावेत हें मी सांगणार नाहीं. तें ज्ञान माझ्याजवळ असतें तर भाषणाच्या मानधनावर मी समाधान मानलें नसतें. मी बोलणार आहें तें घोड्याविषयीं नव्हे, जॉकीविषयींहि नव्हे, तर त्या दोघांच्या खालीं जी जमीन असते तिच्याविषयीं.

माझ्या लहानपणीं पुण्यास आमच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहत. पावसाळी हंगाम सुरू झाला, कीं शर्यतीच्या दिवशीं सकाळीं ते रेसबुक मांडीवर घेऊन ओटीवर बसत. घोड्याचा बाप कोण, मागल्या खेपेस तो कितवा आला, पाठीवर वजन किती, जॉकी कोण, हें सारें पाहून झाल्यावर, पेन्सिलीची खूण करण्यापूर्वीं ते चष्मा कपाळावर चढवीत, आकाशाकडे पाहत आणि माझ्या वडिलांना विचारीत, "अण्णा, रात्रीं कितीसा पडला हो?" वडिलांना शर्यतींचा मनस्वी तिटकारा, परंतु पावसाचा अंदाज ते प्रामाणिकपणें सांगत. त्या गृहस्थांच्या वहींत ओल्या जमिनीवर चालणाऱ्या घोड्यांचें एक पान होतें आणि कोरड्या जमिनीवर चालणाऱ्यांचें दुसरें. जमीन बदलली कीं घोडा बदलतो, हा पहिला धडा मी त्या ओटीवर शिकलों.

पुण्याच्या आणि मुंबईस महालक्ष्मीच्या शर्यती हिरवळीवर होतात. इंग्लंड, आयर्लंड व फ्रान्स या देशांतील जुनी परंपराहि हिरवळीचीच. अमेरिकेनें मात्र मातीची वाट धरली. तेथील प्रमुख मार्ग वाळू, गाळ आणि चिकणमाती यांच्या मिश्रणाचे असतात, आणि १८७५ पासून चालत आलेली केंटकी डर्बी आजहि मातीवरच धांवते. या दोन जमिनींनीं शर्यतीच्या दोन निराळ्या रीति घडविल्या. हिरवळीवर घोडे आरंभीं दम राखून धांवतात आणि अखेरच्या दोन फर्लांगांत जोर करतात. मातीवर पुढचा घोडा मागल्याच्या तोंडावर मातीचा मारा करीत असतो. म्हणून सुटल्याबरोबर आघाडी घ्यावी आणि ती टिकवावी, अशी तेथील नीति. अमेरिकन पंटर जो हिशेब मांडतो, तो बहुतेक या आघाडीच्या वेगाचा असतो.

या दोहोंत तिसरी जमीन आली ती मनुष्याची कृति आहे. बारीक वाळू, तींत कृत्रिम धाग्यांचे तुकडे, कांहीं प्रकारांत रबराचे कण, आणि या सर्वांवर मेणाचा लेप, असा हा पदार्थ कांहीं इंच जाडीनें पसरतात. त्याच्या खालीं पाणी झिरपून जाईल असे खडीचे थर आणि नळ असतात. मेणामुळें वाळू पाणी शोषून चिखल होत नाहीं, धाग्यांमुळें ती विस्कटत नाहीं, आणि पाणी आडवें न वाहतां सरळ खालीं उतरतें. मार्टिन कॉलिन्स यांचें पॉलिट्रॅक आणि मायकेल डिकिन्सन यांचें टॅपेटा हे यांतील दोन प्रसिद्ध प्रकार. डिकिन्सन हे मूळचे घोडे तयार करणारे. १९८३ मध्यें चेल्टनहॅमच्या गोल्ड कप शर्यतींत पहिले पांचहि घोडे त्यांच्याच तबेल्याचे होते. असा मनुष्य मेण आणि वाळू कालवीत बसतो, तेव्हां त्याला घोड्याच्या पायाविषयीं कांहीं तरी ठाऊक असलें पाहिजे.

इंग्लंडांत ही जमीन प्रथम आली ती मात्र घोड्याच्या दयेपोटीं नव्हे. तेथें १९६१ पासून गल्लोगल्लीं पैजेचीं दुकानें कायदेशीर झालीं, आणि दुकान म्हटलें म्हणजे त्याला रोज विकावयास माल हवा. हिवाळ्यांत जमीन गोठली कीं शर्यती रद्द होत आणि दुकानदार हात चोळीत बसे. तेव्हां हिमांतहि चालणारी जमीन शोधण्यांत आली, आणि ३० ऑक्टोबर १९८९ रोजीं लिंगफील्ड येथें अशा मार्गावर इंग्लंडांतील पहिल्या शर्यती झाल्या. पाठोपाठ साउथवेल येथेंहि सुरुवात झाली. या नव्या मार्गांवर अडथळ्यांच्या शर्यतीहि लावून पाहिल्या; पण त्यांत इतके घोडे प्राणांस मुकले, कीं १९९४ मध्यें तो प्रकार बंद करावा लागला. जमीन कृत्रिम केली म्हणजे ती आपोआप सुरक्षित होते असें समजणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

साउथवेलची वाळू फार खोल आणि जड होती. इतरत्र शेवटीं येणारे कांहीं घोडे तेथें वारंवार जिंकत, आणि त्यांचा माग ठेवणारे पंटर त्यांवर चार पैसे मिळवीत. २०२१ मध्यें ती वाळू काढून टॅपेटा बसविलें, आणि वर्षानुवर्षें जमविलेलें तें ज्ञान रद्दीच्या भावानें गेलें.

परंतु या विषयाचें खरें नाट्य घडलें तें कॅलिफोर्नियांत. शर्यतींत घोड्याचा पाय मोडला, कीं बहुधा त्याला तेथेंच मरण द्यावें लागतें. हजार पौंडांहून अधिक वजनाचें जनावर तीन पायांवर उभें राहून महिनोनमहिने हाड सांधण्याची वाट पाहूं शकत नाहीं. २००६ च्या प्रीकनेस शर्यतींत बार्बारो या डर्बीविजेत्याचा पाय मोडला, तेव्हां उत्तम शस्त्रवैद्य आणि वाटेल तितका पैसा हाताशीं असूनहि जानेवारी २००७ मध्यें त्याला शेवटीं निरोप द्यावा लागला. बार्बारोच्या अपघातापूर्वींच, २००६ च्या फेब्रुवारींत, कॅलिफोर्नियाच्या शर्यत-मंडळानें ठराव केला होता, कीं राज्यांतील मोठ्या मैदानांनीं २००७ अखेर आपले मुख्य मार्ग कृत्रिम करावेत. एकेका मैदानास सुमारे कोटी डॉलरांच्या आसपास खर्च आला. हॉलिवुड पार्क, डेल मार, गोल्डन गेट फील्ड्स आणि सँटा अनीटा या चौघांनींहि माती खणून काढली.

हेतु निर्मळ होता. घाई मात्र फार झाली. सँटा अनीटाच्या नव्या मार्गांतून पाणी झिरपेना, आणि पाण्यासाठींच बसविलेला हा मार्ग २००८ च्या जानेवारींतील पावसानें बंद पाडला. अनेक दिवसांच्या शर्यती रद्द झाल्या, आणि त्याच वर्षीं प्रो-राइड नांवाचा निराळा पदार्थ आणावा लागला. डेल मारला दुसरीच तऱ्हा दिसली. मेण तें मेणच. सकाळच्या गारव्यांत तें घट्ट असे आणि दुपारच्या उन्हांत मऊ पडे. सकाळीं सरावांत पळालेला घोडा दुपारीं शर्यतींत निराळ्याच जमिनीवर उभा राही.

आतां पैज लावणाऱ्याची बाजू पाहूं. अमेरिकेंत पैज बुकीकडे न लावतां टोटावर लागते. सर्वांचे पैसे एका पेटींत जमतात, त्यांतून सरकारचा आणि मैदानाचा भाग कापला जातो, आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वांटले जातात. म्हणजे येथें पंटर मैदानाशीं लढत नसतो, शेजारच्या पंटराशीं लढत असतो. शेजाऱ्याहून मला अधिक कळतें, एवढ्याच आधारावर त्याची सारी उमेद उभी असते. तें अधिकचें ज्ञान म्हणजे वीस-पंचवीस वर्षांचीं टिपणें, वेळांचे तक्ते, आणि अमुक मैदानावर कडेच्या कठड्यालगतचा घोडा पुढें राहतो असली अनुभवाची बारीक माहिती. केंटकींतील कीनलंड येथें अशी कठड्याची ख्याति होती. २००६ च्या शरद् ऋतूंत तेथें पॉलिट्रॅक आलें, आणि आघाडीचे घोडे अखेरच्या वळणावर मागें पडूं लागले. दुसऱ्या वर्षीं स्ट्रीट सेन्स हा नामांकित घोडा त्याच जमिनीवर ब्लू ग्रास शर्यत नाकाच्या अंतरानें हरला, आणि तीन आठवड्यांनीं मातीवर केंटकी डर्बी जिंकून मोकळा झाला. ज्यांनीं त्याला कृत्रिम जमिनीवरील पराभवावरून तोललें, त्यांचे हात पोळले.

आपल्या इकडे हा प्रश्न निव्वळ जुगाऱ्यांचा म्हणून हंसण्यावारी नेतां यावयाचा नाहीं. शर्यतीवरील पैज हा जुगार कीं कौशल्य, हा वाद आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि मद्रासकडील एका खटल्यांत १९९६ मध्यें न्यायालयानें ती मुख्यत्वें कौशल्याची बाब आहे असें ठरविलें. कौशल्य म्हणजे तरी काय? आमच्या शेजाऱ्यांच्या वहींतील तीं दोन पानें. जमीनच एका रात्रींत पालटली, तर तीं पानें कोरीं होतात, आणि कौशल्याचें पारडें कांहीं काळ तरी नशिबाकडे झुकतें. अमेरिकन पंटरांची तक्रार स्वार्थाची असली, तरी ती पोकळ नव्हती असें मला वाटतें.

२००८ मध्यें ब्रीडर्स कप हा अमेरिकेंतील थोर मेळावा सँटा अनीटाच्या त्या नव्या जमिनीवर झाला. कर्लिन हा त्या वेळचा सर्वश्रेष्ठ घोडा. आदल्या वर्षींची क्लासिक शर्यत त्यानें चिखलांत जिंकलेली, आणि एक कोटी डॉलरांहून अधिक कमाई केलेला तो पहिलाच अमेरिकन घोडा. लोकांचा पैसा त्याच्यावर ओतला गेला. पहिला आला रेव्हन्स पास, दुसरा आला हेन्रीदनॅव्हिगेटर. दोघेहि युरोपच्या हिरवळीवर वाढलेले. कर्लिन चौथा. मातीच्या राजाला मेणावर बसविलें आणि गवताचे सरदार जिंकून गेले, असा गवगवा झाला. पुढल्या वर्षीं कर्लिनचेच एक मालक जेस जॅक्सन यांनीं आपली रेचेल अलेक्झांड्रा ही अद्भुत घोडी त्या जमिनीवर आणण्यास साफ नकार दिला. त्याच मैदानावर झेन्याटा या घोडीनें क्लासिक जिंकली; ती शर्यत जिंकणारी ती पहिलीच मादी. वर्षाचा सर्वोत्तम घोडा हा मान मात्र रेचेल अलेक्झांड्राला मिळाला. या दोघी एकदांहि समोरासमोर आल्या नाहींत, आणि हा घोडाप्रेमी माणसांच्या मनांतील सल आजहि गेलेला नाहीं. झेन्याटा वीस शर्यती धांवली आणि एकोणीस जिंकली. त्यांपैकीं सतरा कृत्रिम जमिनीवर, दोन मातीवर. विसावी शर्यत २०१० च्या नोव्हेंबरांत चर्चिल डाउन्सच्या मातीवर होती. नेहमींप्रमाणें ती फार मागें राहिली, आणि अखेरच्या सरळ पट्टींत सगळ्यांना गांठीत ब्लेम या घोड्यापासून केवळ मस्तकाच्या अंतरावर थांबली. माती नसती तर? या प्रश्नावर अमेरिकेंत अजून रात्री जागविल्या जातात.

इतका वेळ मी माणसांच्याच लाभहानीविषयीं बोललों. ज्याचे पाय पणाला लागलेले असतात त्याचा हिशेब निराळा आहे. २००९ पासून अमेरिकेंत शर्यतींतील प्राणघातक अपघातांची पद्धतशीर नोंद ठेवली जाते. त्या वर्षीं सर्व जमिनी मिळून दर हजार धांवांमागें दोन घोडे मरत. २०२३ मध्यें हा आंकडा १.३२ वर आला. कृत्रिम जमिनीचा त्या वर्षींचा आंकडा एकाहूनहि खालीं होता, आणि मातीहून तो सातत्यानें कमी राहत आला आहे. हाड मोडण्याचें प्रमाण घटलें तरी स्नायू व शिरा दुखावण्याचें वाढलें, असें पुष्कळ शिक्षकांचें म्हणणें होतें. त्यांत कांहीं तथ्य असेलहि. परंतु दुखावलेली शीर बरी होते. घोडा मेला तर तो मेलाच.

असें असतां कॅलिफोर्नियानें काय केलें? २०१० च्या डिसेंबरांत सँटा अनीटा पुन्हा मातीवर गेलें. कीनलंड २०१४ मध्यें, डेल मार २०१५ मध्यें, आणि दूर दुबईंतील मेदानहि २०१४ मध्यें मातीकडे वळलें. मालकांना मातीवरची जात हवी होती, पंटरांना ओळखीची जमीन हवी होती, मैदानवाल्यांना दोघेहि हवे होते. २०१८ अखेर सुरू होऊन २०१९ च्या जूनमध्यें संपलेल्या सँटा अनीटाच्या एका हंगामांत तीस घोडे मेले. त्या हिवाळ्यांत पाऊस अतोनात पडला होता आणि माती दाबून दाबून घट्ट करावी लागत होती. तेव्हां काढून टाकलेल्या त्या मेणाच्या वाळूची आठवण अनेकांना झाली.

गंमत अशी, कीं पैजेच्या पैशानें घालविलेली ही जमीन आतां कांहीं ठिकाणीं पैजेच्याच पैशानें परत येत आहे. पाऊस पडला कीं हिरवळीवरील शर्यती मातीवर न्याव्या लागतात, आणि मग हिरवळीचे घोडे भराभर मागें घेतले जातात. शर्यतींत चारच घोडे उरले तर टोटाची पेटी भरत नाहीं. हिरवळीचा घोडा कृत्रिम जमिनीवर मात्र बहुधा खुशीनें धांवतो. फ्लॉरिडांतील गल्फस्ट्रीम पार्कनें २०२१ मध्यें टॅपेटा बसविलें तें ह्याच हिशेबानें. माती आणि हिरवळ तेथें राहिलीच, तिसरी जमीन मधें आली. केंटकींतील टर्फवे पार्क येथें २००५ पासून अशी जमीन आहे. तेथें तिसरा आलेला रिच स्ट्राइक हा घोडा २०२२ च्या केंटकी डर्बींत ऐंशीस एक या भावानें धांवला आणि जिंकला. टर्फवेची ती शर्यत मेणाच्या वाळूवरची म्हणून ज्यांनीं हिशेबांत धरली नव्हती, त्यांची संख्या फार मोठी असावी; एरवीं ऐंशीचा भाव मिळता ना.

मध्यंतरीं पुण्यास जुन्या घरीं गेलों होतों. शेजारची ओटी आतां राहिलेली नाहीं. त्या गृहस्थांची वही त्यांच्या नातवाकडे आहे. त्यानें ती मला दाखविली. ओल्या जमिनीच्या पानावर एका घोड्याच्या नांवासमोर पेन्सिलीनें लिहिलें होतें: "पाऊस चार बोटें. जिंकला. अण्णांचा अंदाज बरोबर."