पोर्ट डग्लसचा मुक्काम

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर, केर्न्सच्या उत्तरेस सुमारे ७० किलोमीटरांवर पोर्ट डग्लस हे लहानसे गाव आहे. समोर प्रवाळांचा सागर. जवळच डेन्ट्रीचे पुरातन वर्षारण्य. तेथे सुट्टीसाठी भाड्याचे घर ठरवणाऱ्याने घराआधी पंचांग पाहावे.

आपल्या नाताळाच्या सुट्टीत तेथे पावसाळा सुरू होतो. डिसेंबर २०२३ मध्ये जॅस्पर चक्रीवादळामागून आलेल्या महापुराने रस्ते तुटले, वस्त्या अडकल्या. मे महिन्याची सुट्टी घ्यावी, तर साधारणतः नोव्हेंबरपासून मेपर्यंत समुद्रात विषारी जेलीफिशचे भय असते. जून ते ऑक्टोबर हा काळ त्यामानाने कोरडा व सुखद. ऑक्टोबरात दिवाळी आल्यास योग चांगला जुळतो. मगरींची धास्ती मात्र बारमाही असते. खाडीच्या व नदीच्या काठी मुलांना मोकळे सोडू नये.

घर डेन्ट्री नदीच्या अलीकडे की पलीकडे, हेही विचारावे. तेथे पूल नाही. मोटारी तारेच्या आधाराने चालणाऱ्या फेरीबोटीतून पार होतात. अखेरीस, वादळामुळे बेत मोडल्यास भाडे परत मिळेल काय, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी ठरवून घ्यावे. एवढी दक्षता घेणाऱ्याला अरण्य आणि सागर दोन्ही निश्चिंतपणे पाहता येतील.