पुनर्बांधणी केलेली स्वयंचलित गिअरपेटी : दोषशोध व निगा



ट्रकची स्वयंचलित गिअरपेटी नव्याने बांधून घेणे हे खर्चाचे काम आहे. एवढा खर्च करूनही गाडी ओढेनाशी झाली, की सर्व दोष मिस्त्रीच्या माथी मारला जातो व पेटी पुन्हा खाली उतरविली जाते. वस्तुतः पुष्कळदा बांधणी निर्दोष असते. दोष तिच्या भोवताली असतो.

या पेटीत इंजिनाची शक्ती टॉर्क कन्व्हर्टरमधील तेलाच्या प्रवाहातून पुढे जाते. जर्मन अभियंते हेर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये या तत्त्वाचे एकस्व घेतले. तेच तेल आतील क्लचपट्ट्या दाबून धरते, दंतचक्रांना वंगण पुरविते आणि उष्णता शीतकाकडे वाहून नेते. तेल हाच या पेटीचा प्राण होय. काही नव्या ट्रकांत मात्र साध्याच गिअरपेटीचा क्लच यंत्राद्वारे चालतो. त्यांना हे विवेचन जसेच्या तसे लागू नाही.

जुनी पेटी निकामी होताना झालेला चुरा शीतकात व त्याच्या नळ्यांत साचून राहतो. त्या न धुता नवी पेटी जोडल्यास तो चुरा आत येऊन झडपा अडकवितो. कन्व्हर्टर पंपाच्या खाचांत पूर्ण न बसविता बोल्ट आवळले, तर पंपच मोडतो. जोडणी करून घेताना मालकाने या दोन्ही गोष्टी विचारून घ्याव्यात.

दोष आढळल्यास प्रथम तेल पाहावे. गाडी सपाट जागी उभी करून, निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणेच पातळी मोजावी. तेल काळपट असून जळका वास येत असेल, तर पट्ट्या घसरून जळत आहेत. ते दुधाळ दिसल्यास शीतकातून पाणी शिरले आहे. अशी गाडी चालवू नये. फेस येत असल्यास पातळी कमी वा अधिक झाली असावी. गिअर टाकल्यावर गाडी उशिरा हलत असेल, तर पातळी, गाळणी व सील या क्रमाने तपासणी करावी. गिअर बदलताना हिसका बसत असेल, तर ॲक्सिलरेटरची केबल वा विजेचे जोड आधी पाहावेत. इंजिन जोरात फिरूनही ट्रक ओढत नसेल, तर तो तेथेच थांबवावा. पेटी उतरविण्याचा निर्णय सर्वांत शेवटी घ्यावा.

चालकांनीही काही पथ्ये पाळावीत. चोर्ला किंवा अनमोडसारखा घाट न्यूट्रलमध्ये कदापि उतरू नये; इंजिनाचा अडसर नाहीसा होऊन सर्व भार ब्रेकवर पडतो, आणि ब्रेक तापून निकामी झाल्यास जीव जातो. बहुतेक स्वयंचलित गाड्या ढकलून सुरू होत नाहीत. बंद गाडी ओढून न्यावयाची असल्यास प्रोपेलर शाफ्ट आधी सोडवावा. कारण इंजिन बंद असता पंप फिरत नाही व पेटी वंगणाविना जळते.

तेल व गाळणी बदलल्याची तारीख आणि किलोमीटर यांची नोंद वहीत ठेवावी. बिघाडाच्या वेळी मिस्त्रीला खरी वाट दाखविते ती हीच नोंद.