पेंढ्याची ट्रॉली, मागचा दिवा आणि विम्याचा कागद



भाताची झोडणी उरकली की भोर-वेल्ह्याच्या रस्त्यांवर पेंढ्याच्या ट्रॉल्या दिसू लागतात. खरं म्हणजे त्या दिसत नाहीत, आणि तेच आज बोलायचं आहे.

मागच्या सुगीत दिवस मावळल्यावर मी कापूरहोळहून भोरकडे मोटारसायकलवर निघालो होतो. रस्ता मोकळा वाटत होता. एकाएकी समोर काळी भिंतच उभी राहिली. कसाबसा ब्रेक लागला. पाहतो तो पेंढ्याची ट्रॉली. पुढे जाऊन ट्रॅक्टरवाल्याला थांबवलं, तर तो म्हणाला, "अहो, मागचा दिवा लावलाय की!" आणि दिवा खरंच चालू होता. पण वरचा पेंढा सुटून खाली लोंबला होता आणि दिवा त्याच्या आड गेला होता. त्या गड्याला याचा पत्ताच नव्हता. तो तरी मागे वळून कधी पाहणार?

आता हिशेब करून पाहा. भरलेली ट्रॉली ताशी १८ किलोमीटरने चालली, तर सेकंदाला ५ मीटर जाते. चेलाडी किंवा सारोळ्याजवळ पुणे-सातारा हमरस्त्यावर मागून मोटार ताशी ८० ने आली, तर ती सेकंदाला २२ मीटर येते. म्हणजे दोघांमधलं अंतर दर सेकंदाला १७ मीटरने तुटतं. मोटारवाल्याने उजेड खाली पाडलेला असला, तर बिनदिव्याची वस्तू त्याला साधारण ५० मीटरवर दिसते. त्याच्या हातात राहतात तीन सेकंद. त्यातला एक तर हे काय आहे ते कळण्यातच जातो.

ट्रॅक्टरवाल्याची अडचण याहून वेगळी. पेंढा दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, म्हणून आरशात पेंढाच दिसतो. इंजिनाच्या आवाजात मागचा हॉर्न ऐकू येत नाही. वरंध घाटाच्या वळणावर तो थोडा जरी उजवीकडे सरकला, तरी ओलांडून पुढे येणारा मोटारसायकलवाला त्याला कळत नाही.

उपाय महाग नाहीत. पूर्वी आपल्या बैलगाडीच्या आखाला कंदील टांगलेला असायचा, तो उगाच नव्हे. भार रचून झाला की मागच्या बाजूला पेंढ्याच्या बाहेर एक आडवा बांबू करकचून बांधा. त्याच्या दोन्ही टोकांना लाल रिफ्लेक्टर लावा आणि ट्रॅक्टरवरून वायर घेऊन लाल दिवा बसवा. दिवा एलईडीचा घ्या. पेंढ्याजवळ तापणारा बल्ब नको, आणि कंदील तर नकोच नको. आरसा लांब दांड्याचा घ्या, म्हणजे तो भाराच्या बाहेर येईल. निघताना वीस पावलं मागे जाऊन स्वतः पाहा. वाटेत एकदा थांबून पुन्हा पाहा, कारण खड्ड्यांनी पेंढा सुटतो. सर्वांत बरं म्हणजे उजेड आहे तोवर घर गाठा.

भारावर माणूस बसवू नका. खाली आलेल्या तारा आहेत, आंब्याच्या फांद्या आहेत. आणि तो पडला, तर विम्याचा प्रश्न उभा राहतो. याविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण इथे पुष्कळांचा गैरसमज आहे.

"विमा आहे ना?" असं विचारलं की आपण ट्रॅक्टरचा कागद पुढे करतो. पण ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, तिचा नंबर वेगळा असतो. विम्याच्या कागदावर तिचा उल्लेख आहे की नाही ते वाचून पाहा. दुसरं, ट्रॅक्टरचा विमा बहुधा शेतीच्या कामापुरता असतो. भाड्याने वाळू, विटा, माती ओढली तर ते शेतीचं काम धरलं जात नाही. २००७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं होतं. वीटभट्टीसाठी माती नेणाऱ्या ट्रॉलीवर बसलेला मजूर पडून जखमी झाला. ट्रॅक्टरचा विमा शेतीसाठी होता, ट्रॉलीचा नव्हताच. न्यायालयाने सांगितलं, कंपनीवर जबाबदारी येत नाही. मजूर गरीब, म्हणून कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असा हुकूम झाला. मजुराला न्याय मिळाला. मालकाच्या हाती मात्र विमा असून नसल्यासारखा झाला.

ही वसुली साधी नसते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ प्रमाणे भरपाईची रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. ती कलेक्टर करतात. सातबारापर्यंत गोष्ट जाते ती अशी.

तिसरी गोष्ट फळ्यांची. ट्रॉलीत जास्त माल मावावा म्हणून आपण गावच्या वेल्डरकडून कडेला अँगल आणि जाळी वाढवून घेतो. नोंदणीच्या पुस्तकातल्या मूळ बांधणीत परस्पर बदल करायला कलम ५२ ची मनाई आहे. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल नुकसानीच्या दाव्यात आडवा येतो. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर भार बाजूला, मागे किंवा ठरलेल्या उंचीच्या वर गेला, तर कायद्यात २०,००० रुपये दंड लिहिला आहे, माल उतरवण्याचा खर्च वेगळा. एका खेपेच्या पेंढ्याची किंमत काढून पाहा! दोन खेपा केलेल्या परवडतात.

म्हणून दिवाळीच्या आधी, भात कापणीला येण्यापूर्वीच, आर. सी. पुस्तक आणि विम्याचा कागद घेऊन एजंटाकडे जा. तीन गोष्टी विचारा: ट्रॉलीचा नंबर यात आहे का, मजूर धरले आहेत का, आणि नुकताच थर्ड पार्टी विमा आहे की आपल्या ट्रॅक्टरचं नुकसानही भरून मिळेल. तोंडी "हो हो" ऐकून उठू नका. कागदावर कुठे लिहिलंय ते बोट ठेवून दाखवायला सांगा. ट्रॉली बाहेर राहिली असेल, तर जादा हप्ता भरून तिथेच नोंद करून घ्या, आणि पावतीवरचा नंबर ट्रॉलीच्या नंबराशी ताडून मगच घरी या.