ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग?

आज बोलूया चेसबॉक्सिंगबद्दल. हो, बुद्धिबळ आणि बॉक्सिंग, एकाच सामन्यात. मोबाईलवर पहिल्यांदा क्लिप पाहिली तेव्हा मला वाटलं, कुणीतरी एडिटिंग करून गंमत केलीय. घामाने निथळणारे दोन खेळाडू, कानांवर हेडफोन आणि समोर पट! हेडफोन कशाला? तर हॉलमधला आरडाओरडा ऐकू येऊ नये म्हणून.

मूळ खेळ असा: एकूण ११ फेऱ्या. ६ बुद्धिबळाच्या, ५ बॉक्सिंगच्या, एकाआड एक. पटावर मात झाली की सामना संपला. रिंगमध्ये नॉकआऊट झाला, तरी संपला.

ही कल्पना आली एका कॉमिकमधून. एन्की बिलाल या चित्रकाराच्या १९९२ च्या कॉमिकमध्ये अशी लढत आहे. ती प्रत्यक्षात आणली ईपे रुबिंग या डच कलाकाराने. त्याने बर्लिनमध्ये शिखर संघटना काढली, वर्ल्ड चेस बॉक्सिंग ऑर्गनायझेशन. २००३ मध्ये ॲमस्टरडॅमला पहिली जागतिक लढत झाली. आणि पहिला विश्वविजेता कोण? स्वतः रुबिंग! समोरच्याची बुद्धिबळाच्या घड्याळावरची वेळ संपली आणि हा जिंकला.

मला हसूच आलं. आपल्या गल्लीत ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग असते ना, तसंच वाटलं.

पण नियम वाचले आणि माझं मत बदललं. समजा, पटावर तुमचा डाव हातातून चाललाय, पण बॉक्सिंगमध्ये तुम्ही भारी आहात. तुम्ही काय कराल? चालच करणार नाही. फेरी संपेपर्यंत बसून राहाल आणि मग रिंगमध्ये हिशोब चुकता कराल. म्हणून घड्याळ आहे. शिवाय मुद्दाम वेळ काढला, तर पंच ताकीद देतात.

आणि डाव बरोबरीत सुटला तर? बॉक्सिंगचे गुण बघायचे. तेही सारखे असतील तर? काळी मोहरी घेतलेला जिंकतो. कारण पहिली चाल पांढऱ्याला मिळालेली असते. म्हणजे बघा, ज्याला पहिली बॅटिंग मिळाली, त्याच्या विरोधात निकाल! भांडण व्हायच्या आधीच उत्तर लिहून ठेवायचं, शिखर संघटनेचं खरं काम हेच.

अर्थात भांडणं तरीही होतात. २०१३ मध्ये लंडनमध्ये टिम वूलगर यांनी वेगळी संघटना काढली, वर्ल्ड चेसबॉक्सिंग असोसिएशन. आता 'विश्वविजेता' म्हटलं की विचारावं लागतं, कुणाचा? हा प्रश्न आपल्यापासून लांबचा नाही. कोलकात्यात मुलंमुली हा खेळ शिकतात. नाकावर ठोसे खाऊन मिळवलेल्या पदकाला उद्या कुणी मानलंच नाही, तर?

रुबिंग २०२० मध्ये गेला, अवघ्या ४५ व्या वर्षी. बॅटवाला घरी गेला की गल्लीतला खेळ थांबतो. हा थांबला नाही. कारण तोवर नियम कागदावर आले होते आणि ते पाळणारे लोक अनेक देशांत तयार झाले होते.

तुमच्या गल्लीतला असा एखादा अफलातून नियम असेल, तर मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!