निरीक्षकांची संख्या आणि अपघातांची नोंद

(राष्ट्रीय सुरक्षा दिनानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



१९६६ साली ४ मार्च रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. म्हणून हा दिवस सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. फलक लागतात, शपथा होतात, वर्षभरातील अपघातांचे आकडे वाचले जातात. आकडा उतरला की समाधान व्यक्त होते. ते समाधान कितपत खरे, याचा विचार क्वचितच होतो.

अपघाताचा आकडा आपोआप तयार होत नाही. १९४८ चा कारखाने अधिनियम असो, की २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेली व्यावसायिक सुरक्षा संहिता असो, दुखापतीमुळे कामगार ४८ तास कामास मुकला, तर त्याची सूचना व्यवस्थापनानेच द्यावयाची असते. प्रेस यंत्राखाली बोट गेलेल्या कामगाराला खासगी दवाखान्यात नेऊन मलमपट्टी केली आणि हजेरीपटावर तो ‘हजर’ दाखविला, तर त्या बोटाची नोंद कोठेच राहत नाही. हजेरीपट, कामगाराचा जबाब आणि यंत्रावर नसलेले संरक्षक आवरण या तिन्ही गोष्टी ताडून पाहण्याचा अधिकार निरीक्षकाचा. तो फिरकलाच नाही, तर अपघात घटल्याचा भास होतो. उलट, निरीक्षक वाढविले की प्रथम नोंदी वाढू शकतात. तेवढ्यावरून त्या जिल्ह्यास दोष देणे अन्यायाचे होईल. मृत्यू मात्र सहसा लपत नाही. जेथे मृत्यूंची नोंद आहे, पण किरकोळ दुखापती जवळजवळ नाहीतच, तेथील कागदपत्रे अवश्य तपासावीत.

निरीक्षकावाचून कायदा कागदावर राहतो, हा अनुभव जुना आहे. ब्रिटनने १८३३ मध्ये चार निरीक्षक नेमले, तेव्हाच तेथील कारखाने कायद्याला थोडीफार धार आली. अर्थात चौघांनी साऱ्या देशातील गिरण्या पाहाव्यात, ही अपेक्षाही नवलाचीच! भारताने १९४९ मध्ये स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या ८१ व्या करारात निरीक्षकांची संख्या ‘पुरेशी’ असावी, एवढेच म्हटले आहे. पुढे त्या संघटनेने प्रगत औद्योगिक देशांसाठी दहा हजार, तर औद्योगिकीकरणाच्या वाटेवरील देशांसाठी पंधरा हजार कामगारांमागे एक निरीक्षक असे प्रमाण सुचविले. पण मंजूर पद आणि भरलेले पद यांत अंतर असते. रिकाम्या खुर्चीला कारखान्यात जाता येत नाही.

१९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना आणि परिसरातील रहिवाशांनाही देणे कारखान्यांवर बंधनकारक केले. तरीही डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी भीषण स्फोट झाले.

गावच्या हद्दीतील पत्र्याच्या शेडमध्ये कोणती यंत्रे चालतात, हे पंचायत सदस्यांना निरीक्षकाच्या आधी ठाऊक असते. कोणत्या मुलाच्या वडिलांची बोटे गेली, हे शिक्षकांना. ही माहिती औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयास लेखी कळविता येते. तक्रार करणाऱ्याचे नाव निरीक्षकाने गुप्त ठेवावे, असे त्याच ८१ व्या करारात नमूद आहे.