बरे वाटणे आणि बरे होणे
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी आजाराचा विषय काढल्याबद्दल आम्हांस क्षमा करावी. परंतु सारी कुटुंबे वर्षातून एकदाच एकत्र येतात. ती वेळ दवडू नये असे वाटले.

अपेंडिक्स, म्हणजेच आंत्रपुच्छ, सुजले की शस्त्रक्रिया, हा एके काळी नियमच होता. आता तसे राहिलेले नाही. फिनलंडमध्ये २००९ ते २०१२ या काळात ५३० रुग्णांना घेऊन झालेल्या अभ्यासात साध्या दाहासाठी जवळजवळ निम्म्यांना केवळ प्रतिजैविके दिली गेली. पाच वर्षांत त्यांपैकी सुमारे शेकडा ३९ जणांचे दुखणे उलटले; बहुतेकांची शस्त्रक्रिया टळली. हा लाभ लहान नव्हे.

परंतु आंत्रपुच्छाभोवती पू साचून गळू झाले असेल, तर गोष्ट निराळी. तेथे आधी औषधांनी दाह शमवितात आणि शस्त्रक्रिया काही महिने पुढे ठेवतात. ती खरोखर आवश्यक आहे काय, हे पाहण्यासाठी फिनलंडमध्येच दुसरा अभ्यास सुरू झाला. पण ६० रुग्णांवरच तो थांबवावा लागला. त्यांपैकी १२ जणांच्या आंत्रपुच्छात अर्बुद आढळले, आणि ते सारे चाळिशी ओलांडलेले होते. हा वृत्तान्त २०१९ साली प्रसिद्ध झाला. साध्या दाहात हे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास असते. प्रत्येक अर्बुद कर्करोगाचे नसते, हे खरे. परंतु काढून तपासल्यावाचून त्याचा निर्णय होत नाही. औषधाने दाह शमतो, अर्बुद मात्र जागीच राहते.

आपल्या घरांत काय घडते? ताप उतरला, दुखणे थांबले, की डॉक्टरांनी दिलेली तारीख आधी लग्नकार्यासाठी, मग परीक्षांसाठी पुढे जाते आणि अखेर विसरली जाते. आमच्या थोरल्या वहिनींनी ती दोनदा मोडली. तिसऱ्या वेळी आम्ही हट्टाने त्यांना नेले. अर्बुद निघाले, सुदैवाने वेळेत निघाले.

म्हणून विनंती एवढीच : चाळिशीपुढील ज्या कोणाचे हे दुखणे केवळ औषधांनी थांबले असेल, त्यांनी मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी आणि पोटाचा सी.टी. स्कॅन यांविषयी आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली असेल, तर ती मोडू नये. भिण्याचे कारण नाही. विसरणे मात्र परवडणार नाही. बरे वाटणे वेगळे, बरे होणे वेगळे.